खोतानचा जेड: माझा गोटा नदीतला की पिंपातला?

चहाबाज (धागाकर्ता) – शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी नमस्कार. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं चीनमध्ये सूचोऊला होतो. गाव रेशमासाठी आणि जुन्या बागांसाठी प्रसिद्ध, पण तिथे जेड कोरणाऱ्यांची अख्खी आळी आहे हे तिथे गेल्यावर कळलं. दुकानाबाहेर पाण्याच्या परातीत गोटे मांडलेले असतात. ओले गोटे दिसतात भारी. परत यायच्या आदल्या आठवड्यात आठवण म्हणून एक उचलला. चिकूएवढा आहे, रंग थिजलेल्या तुपासारखा आणि एका अंगाला खारकेच्या रंगाची साल. दुकानातल्या बाई म्हणाल्या, खोतानचा (पश्चिम चीनमधलं जेडसाठी नावाजलेलं गाव) आहे, थेट नदीतला. १८०० युआन सांगितले आणि ६०० ला दिला. इतक्या झटकन खाली आल्या की तिथेच पाल चुकचुकली होती. सोबत एक प्लास्टिकचं कार्ड मिळालं. त्यावर गोट्याचा फोटो, वजन, क्यूआर कोड आणि नाव ‘हथ्येन यू’, म्हणजे खोतानचा जेड.

घरी आल्यावर नेटवरचे सगळे प्रयोग केले. गालाला लावला, थंडगार. केस गुंडाळून लायटर धरला, केस जळला नाही. काचेच्या बाटलीवर ओढला, ओरखडा उठला. तिन्ही परीक्षांत पास. तरी मेहुणा म्हणतो, ‘दाजी, काच गळ्यात मारली तुमच्या.’

जाणकारांनी उजेड पाडावा. दिवसाउजेडी काढलेले चार फोटो डकवतोय.


टवाळ – शनिवार, सकाळी १०:३०

पहिलाच धागा आणि तोही दगडाचा! खुर्ची टाकून बसलोय. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).


कसोटी – शनिवार, सकाळी ११:०५

आमची तिसरी पिढी सराफीत आहे. जेड आमच्याकडे फारसा येत नाही, पण केस जाळायचा प्रयोग सांगणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तरी येतंच. अहो, भरीव दगडावर घट्ट गुंडाळलेला केस जळत नाही, कारण ज्योतीची धग दगड ओढून घेतो. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या तुकड्यावर करून बघा, तोही ‘खरा जेड’ निघेल. गालाला थंड लागण्याचंही तेच, काचही थंडच लागते.

काचेवरचा ओरखडा मात्र थोडाफार कामाचा. ओल्या बोटाने पुसून बघा. पुसला गेला तर ती तुमच्या दगडाचीच पूड होती. नाही गेला तर काच आणि संगमरवर बाद, सर्पेंटाइन नावाचा मऊसर हिरवा दगडही बहुतेक बाद. पण गारेच्या (क्वार्ट्झच्या) जातीचा कुठलाही दगड काच कापतो आणि बाजारात जेड म्हणून सर्वांत जास्त खपते ती गारच. म्हणजे तुमची तिसरी परीक्षाही अर्धीच.


भिंगवाली – शनिवार, दुपारी १:४८

कसोटीकाकांना +१. रत्नपरीक्षेचं शिक्षण घेतलंय आणि मुंबईत हेच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी नावांचा गुंता. शास्त्राच्या हिशेबात जेड दोनच, नेफ्राइट आणि जेडाइट. दोन्ही दिसायला जवळचे, पण खनिजं अगदी वेगळी. हा फरक १८६३ मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवला, तोवर सगळं एकच समजलं जायचं. म्यानमारचा झगझगीत हिरवा असतो तो जेडाइट. खोतानच्या नद्यांत मिळतो तो नेफ्राइट, आणि चीनमध्ये हजारो वर्षं कोरला गेला तो प्रामुख्याने हाच. म्यानमारच्या मालाच्या भानगडी निराळ्या आहेत. तिथे आम्लात धुऊन आत राळ भरतात, ते पकडायला प्रयोगशाळाच लागते. त्याचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून जे विकतात त्याची नुसती नावं ऐका. ‘इंडियन जेड’ म्हणजे अ‍ॅव्हेंच्युरिन, अभ्रकाच्या हिरव्या कणांनी चमचमणारी गार. ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. ‘ट्रान्सवाल जेड’ म्हणजे गार्नेटची एक जात. ‘ऑस्ट्रेलियन जेड’ म्हणजे क्रिसोप्रेज. देशाचं नाव पुढे लागलं की मी आधी भिंग काढते.

धागाकर्ते, तुमच्याकडे वजनकाटा असेल तर घरीच निम्मं काम होईल. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. गोटा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. आता काटा जे वजन दाखवेल ते म्हणजे गोट्याने बाजूला सारलेलं पाणी. गोट्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, मिळेल ती घनता. नेफ्राइट २.९० ते ३.०३ मध्ये येतो, बहुतेक वेळा २.९५ च्या आसपास. क्वार्ट्झाइट २.६५, संगमरवर २.७, सर्पेंटाइन साधारण २.६, जेडाइट ३.३४. काचेचा भरवसा नाही, ती कशी बनवली त्यावर तिची घनता ठरते. पण काचेत भिंगाखाली बुडबुडे दिसतात आणि तिचा टवका शिंपल्यासारखा चकचकीत उडतो. नेफ्राइट फुटलाच तर तुटलेल्या लाकडासारखा, कुसळं काढल्यागत फुटतो, आणि तिथे चमक नसते.


चहाबाज – शनिवार, संध्याकाळी ६:२०

ताई, धन्यवाद. बायकोचा कॉफी मोजायचा काटा पळवला. कोरडं वजन २१२.४ ग्रॅम. पाण्यात सोडला तर काटा पुन्हा २१२.४! म्हणजे माझ्या दगडाची घनता १ आली. हा दगड आहे की बटाटा?


भिंगवाली – शनिवार, संध्याकाळी ६:३१

गोटा तळाला टेकलाय हो. अधांतरी धरायचा, तळाला नाही, भिंतीला नाही.


चहाबाज – शनिवार, संध्याकाळी ६:५२

७१.८. भागाकार केला, २.९६ आला. तीनदा केलं, तेच. मेहुण्याला आकडा पाठवलाय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.


टवाळ – शनिवार, संध्याकाळी ७:००

पेढे कधी?


शांघायकर – शनिवार, रात्री ११:१७

पेढ्यांची घाई नको. चौदा वर्षं इकडे आहे, या बाजारात पोळलोय आणि शिकलोय.

गोटा नेफ्राइट आहे हे आता जवळजवळ नक्की. पण तुमचा प्रश्न तो नाहीच. पैसे तुम्ही ‘नदीतला’ या शब्दाचे मोजलेत. दगड जेड आहे का, याचं उत्तर काटा देतो. दगड नदीतून आला का, हे ना काटा सांगतो ना ते कार्ड. दुकानदार पहिल्या प्रश्नाचा पुरावा हातात ठेवतो आणि दुसऱ्याचे पैसे घेतो. सगळी मेख इथे आहे.

आधी कार्डाबद्दल. चीनच्या राष्ट्रीय मानकात ‘हथ्येन यू’ हे आता गावाचं नाव उरलेलं नाही. ट्रेमोलाइट या खनिजाचा नेफ्राइट असला की त्याला हे नाव देता येतं, मग तो रशियातला असो, चिंगहाय प्रांतातला असो की कोरियातला. कार्ड खोटं असेलच असं नाही. ते खरंच असेल आणि तरी गोट्याने खोतान पाहिलं नसेल. आपल्याकडे ‘कोल्हापुरी’ चप्पल कुठे शिवली हे विचारल्यासारखंच आहे.

आता नदीबद्दल. खोतान हे तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं गाव. कुनलुन पर्वतातून दोन नद्या येतात. पूर्वेची युरुंगकाश म्हणजे पांढऱ्या जेडची, पश्चिमेची काराकाश म्हणजे काळ्या जेडची. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर येतो, दगड लोटत आणतो आणि पाणी ओसरलं की लोक पात्रात उतरतात. १६३७ च्या एका चिनी ग्रंथात तर चांदण्या रात्री बायका नदीत उतरून जेड शोधतात असं लिहिलंय. सत्यासत्य त्या लेखकाला ठाऊक. २००० नंतर भाव चढले तशी पात्रात पोकलेन उतरली आणि नदी मैलोन्‌मैल उलथीपालथी झाली. आता माल कमी आणि मागणी अफाट. चांगल्या पांढऱ्या नदीमालाचा ग्रॅमचा भाव सोन्याच्या वर जातो. या हिशेबाने तुमचे २१२ ग्रॅम ६०० युआनला! त्या बाई इतक्या दानशूर असतील तर मलाही पत्ता द्या.

बाजारात माल चार प्रकारचा असतो. नदीत घासून गोल झालेला तो ‘त्झल्याओ’, शब्दशः बी-माल. डोंगरातून फोडून काढलेला तो ‘शानल्याओ’. डोंगरातून सुटलेला पण नदीत फार न घासलेला, अर्धवट कोपरे असलेला तिसरा. आणि वाळवंटात वाऱ्याने घासलेला चौथा, त्यावर खळगे असतात. नकली नदीमाल बहुतेक डोंगरी मालापासून करतात. तुकडे पाडायचे, वाळू-खडे घालून पिंपात दिवसेंदिवस फिरवायचे, कोपरे गेले की वरून रंग चढवायचा. दगड खरा, गोलाई खोटी, साल खोटी.

साल कशी ओळखायची ते उद्या लिहितो. तोवर भिंगातून जवळून फोटो काढा. गोटा पूर्ण कोरडा हवा. ओल्या दगडाचा फोटो म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो.


हळदीकुंकू – रविवार, सकाळी ८:४०

शेवटच्या वाक्याला दंडवत.

मी पण ताईंचा प्रयोग केला. नणंदेने क्वालालंपूरहून आणलेली हिरवी बांगडी, ‘प्युअर जेड’. ४८.६ भागिले १८.३. उत्तर २.६६. आता नणंदेला सांगू की नको?


भिंगवाली – रविवार, सकाळी ९:०२

क्वार्ट्झाइट. भिंगाखाली खडीसाखरेसारखे कण दिसतील आणि हिरवा रंग कणांच्या मधल्या फटींत जाळीसारखा साचलेला दिसेल. बांगडी छान आहे, घाला. नणंदेला नका सांगू.


काटकोन – रविवार, सकाळी ९:४५

अवांतर: पैठणला गोदावरीच्या पात्रात मला एक हिरवट गोटा मिळाला होता, उजेडात धरला की कडा पाझरतात. जेड असू शकेल का? आणि आमच्या देव्हाऱ्यात नर्मदेचा बाण आहे, त्याबद्दलही हेच ऐकतो की हल्ली यंत्रावर घासून विकतात.


बेसाल्ट – रविवार, सकाळी ११:३०

भूगर्भशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. काटकोन, गोदावरीतला गोटा जेड नाही. दख्खनच्या लाव्ह्यात पोकळ्या असतात, त्यांत सिलिका भरून अकीक आणि कॅल्सेडोनी तयार होतात. हिरवी छटा बहुधा सेलॅडोनाइट या खनिजाची. पुण्याजवळ पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे, तेव्हा हिरव्या रंगाची आपल्याकडे ददात नाही, पण जेड नाही. नर्मदेचे बाण जास्पर जातीचे असतात आणि ते घासून विकतात हे तुम्ही बरोबर ऐकलंय. शांघायकरांचं पिंप तिथेही फिरतंच.

जेड नाही, कारण नेफ्राइट घडायला दोन वेगळ्या खडकांची जी जोडी जमावी लागते ती लाव्ह्यात जमत नाही. एक वाट सर्पेंटिनाइटची, म्हणजे सर्पेंटाइनच्या खडकाची. तिथे लोह मुबलक, म्हणून दगड हिरवा. दुसरी वाट डोलोमाइटची. डोलोमाइटी संगमरवरात ग्रॅनाइटचा तप्त रस घुसला की त्या सीमेवर सिलिका आणि पाणी मिळून ट्रेमोलाइट तयार होतो. त्यात लोह नगण्य, म्हणून दगड पांढरा. कुनलुनचा जेड या दुसऱ्या वाटेचा. म्हणून खोतान पांढऱ्यासाठी आणि न्यूझीलंड-कॅनडा हिरव्यासाठी. पहिल्या वाटेच्या दगडात क्रोमियम आणि निकेल जास्त सापडतात, त्यावरून प्रयोगशाळा दोन्ही वेगळे करतात. पण एकाच वाटेचे दोन डोंगर, म्हणजे खोतान आणि सायबेरिया, वेगळे करायचे म्हटलं तर काम जिकिरीचं होतं.

नदीतला चांगला का, याचंही कारण भाबडं नाही. नेफ्राइटचे तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे तो हिऱ्याइतका कठीण नसला, मोह्‌सच्या दहाच्या पट्टीवर साधारण ६ ते ६.५, तरी फुटायला महाचिवट. अश्मयुगात याच्या कुऱ्हाडी करायचे ते उगीच नाही. डोंगरातून सुटलेला धोंडा नदीत आदळत येतो तेव्हा भेगाळ भाग, मऊ भाग सगळा झडून जातो. उरतो तो गाभा. नदी निवड करते, पिंप करत नाही. पिंप नुसते कोपरे मारतं, भेग आत तशीच राहते.


शांघायकर – रविवार, रात्री १०:०५

बेसाल्टसरांनी माझं निम्मं काम केलं. पुढे जातो.

साल म्हणजे वरून चढलेला थर नाही. पात्रात पडून राहिलेल्या दगडात लोहाचं पाणी मुरतं, तोच रंग. कुठे मुरेल? जिथे तंतूंची वीण सैल आहे तिथे: बारीक भेगा, खळगे, कमकुवत पट्टे. म्हणून खऱ्या सालीचा रंग सारखा नसतो. भेगेत गडद, कडेला फिका होत होत पांढऱ्यात विरतो. आपल्या तळहातावर मेंदी रेषांत गडद उतरते तसा. खारकेसारखी लाल, पिकल्या पेअरसारखी, सोनं शिंपडल्यासारखी अशी सालींची नावं आहेत आणि त्या नावांवर भाव चढतो. म्हणूनच रंगवतात. रंगवलेली साल वर तरंगते, सगळीकडे एकसारखी गडद, आणि भेगेत गेली तर थेट काळपट रेघ, अधलीमधली छटाच नाही.

दुसरं पाहायचं ते कातडीचं पोत. दहापट भिंगातून खऱ्या गोट्यावर बारीक छिद्रं दिसतात. इकडे त्याला ‘घामाची छिद्रं’ म्हणतात. ती लहानमोठी असतात, खोल-उथळ असतात, एकमेकांत मिसळलेली असतात. संत्र्याची साल पाहिलीत तर कल्पना येईल, पण संत्र्यापेक्षा जास्त अव्यवस्थित. पिंपातल्या गोट्यावर ती नसतातच, गुळगुळीत गालिचा असतो. हुशार कारागीर वाळूचा फवारा मारून छिद्रं पाडतो, पण ती सगळी एकाच मापाची येतात. नदीत दगडावर दगड आपटून नखाच्या आकाराच्या बारीक चंद्रकोरीही उठतात. त्यांच्या कडा पुढे वर्षानुवर्षं झिजून मवाळ होतात. ताज्या, धारदार कोरी दिसल्या तर सावध.

तिसरी गोष्ट आकार. नदीतला गोटा बेढब असतो. एक बाजू चपटी, एक फुगीर, कुठेतरी पोचा. सगळीकडून सुबक अंडाकृती, त्यातही उजेडात धरल्यावर पुसटसे सपाट पैलू जाणवले, तर ते पिंपाचं काम. करवतीचे सपाट काप पिंप पूर्ण खात नाही.

आणि यातलं एकही लक्षण एकटं पुरेसं नाही. खऱ्या नदीमालावरही भाव वाढवायला रंग चढवतात! शिवाय रशियातही नदीतले गोटे मिळतात, त्यांना साल असते, ती अस्सल असते, फक्त नदी दुसरी.


कसोटी – रविवार, रात्री १०:४०

माहिती उत्तम, पण एक शंका. सगळं जर डोळ्यावरच असेल तर दहा जाणकारांची दहा मतं. सोन्यात असं चालत नाही. कस लागतो तो लागतो.


शांघायकर – रविवार, रात्री १०:५८

बरोबर. म्हणून इकडे अनुभवी व्यापारीसुद्धा फसतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सोन्याला कस आहे, नदीला नाही.


दक्षिणवारा – सोमवार, पहाटे ४:१५

न्यूझीलंडहून राम राम. इकडे हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय म्हणून लिहिते.

दक्षिण बेटाचं माओरी नावच ‘ते वाइपोउनामू’. पोउनामू म्हणजे इथला जेड, हिरवा, पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांतला. अराहुरा नदी त्यासाठी सर्वांत मानाची. १९९७ च्या कायद्याने इथल्या पोउनामूची मालकी सरकारने न्गाई ताहू या माओरी समाजाला परत दिली. त्यामुळे नदीत उतरून वाटेल तो दगड उचलता येत नाही. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रकाठावर मात्र हाताने नेता येईल तेवढं वेचायला मुभा आहे. आम्ही दोन रविवार वेचलं, पिशवीभर हिरवे दगड, त्यात जेड शून्य.

पर्यटकांच्या दुकानांत ‘ग्रीनस्टोन’ लिहिलेली पदकं स्वस्त मिळतात. त्यातली पुष्कळशी कॅनडाच्या किंवा सायबेरियाच्या नेफ्राइटची. खनिज तेच, घनता तीच, काटा काही बोलत नाही. म्हणून इथे न्गाई ताहूंच्या अधिकृत मालावर क्रमांक असतो, तो टाकला की दगड कुठला आणि कोरला कुणी ते कळतं. म्हणजे दगडाला विचारायचं नाही, दगडाच्या मालकाला विचारायचं.

एक गंमत: इथल्या पोउनामूच्या प्रकारांत ‘तांगीवाई’ येतो, काचेसारखा पारदर्शक, मिलफर्ड साउंडकडचा. तो नेफ्राइट नाही, बोवेनाइट आहे. म्हणजे सर्पेंटाइनच! वर भिंगवालीताईंनी ज्याला नकलीच्या यादीत टाकलं तोच इथे पिढ्यान्‌पिढ्या अस्सल म्हणून गळ्यात.


भिंगवाली – सोमवार, सकाळी ९:२०

मान्य. खरंतर चिनी भाषेतला ‘यू’ हा शब्दही जेडपेक्षा ऐसपैस आहे, त्यात तिथला सर्पेंटाइनही मानाने बसतो. सर्पेंटाइन म्हणून विकला तर तक्रार काहीच नाही. दुसऱ्याचं नाव लावून विकला की मी भांडणार.


जुनीपानी – सोमवार, दुपारी १२:५०

धागा आवडला. थोडं इतिहासाकडे वळवतो, धागा भरकटवत नाही.

हा दगड आपल्याला परका नाही. फारसी-उर्दूत त्याला ‘यशब’ किंवा ‘यशम’ म्हणतात, आणि मुघलांना पांढऱ्या यशबाचं वेड होतं. तो त्यांच्याकडे खोतानच्या बाजूनेच यायचा. शाहजहानचा मद्याचा प्याला, १६५७ चा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्ध्या भोपळ्याचा आकार आणि मुठीला वळलेलं बोकडाचं डोकं. भिंत इतकी पातळ की उजेड आरपार. छातीची धडधड थांबावी म्हणून यशबाची ‘हौलदिली’ नावाची पदकं गळ्यात घालायचे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीराची यशबाची कट्यार आणि नूरजहानचा फळं कापायचा सुरा आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तूंतही जेड पाहायला मिळतो.

खरा जेड ओळखायला शिकायचं तर खोट्यांचे व्हिडिओ पाहण्यापेक्षा असे अस्सल नग तास-तासभर पाहावेत, असं मला वाटतं. तो स्निग्धपणा एकदा डोळ्यात बसला की काचेचा लकाकता तुकडा लगेच परका वाटतो.


टवाळ – सोमवार, दुपारी १:०५

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या पदकांत पण जेड होता ना? तो तरी नदीतला?


शांघायकर – सोमवार, दुपारी १:४०

होता, पण चिंगहाय प्रांतातला, डोंगरी. सुवर्णपदकात पांढरा आणि कांस्यपदकात हिरवा. चिंगहायचा माल जरा जास्त पारदर्शक, पाणीदार दिसतो, तुपाऐवजी पेजेसारखा. खोतानपेक्षा कमी किमतीचा धरतात. म्हणजे ऑलिंपिकचा मान मिळूनही बाजारात दुय्यमच.


चहाबाज – सोमवार, रात्री ९:३०

भाच्याच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला मोबाईल लावून फोटो काढलेत, कोरडे, शपथेवर. मला दिसतंय ते असं: पांढऱ्या अंगावर छिद्रं अजिबात नाहीत. सालीच्या बाजूला आहेत, पण एकसारखी, रव्यासारखी. दोन भेगांत रंग काळपट तपकिरी, बाजूला लगेच पांढरं. टॉर्च लावला तर आत एक लांब भेग, या टोकापासून जवळपास त्या टोकापर्यंत. आणि हो, टेबलावर ठेवला की एका ठरावीक बाजूवर स्थिर बसतो. अडीच वर्षांत हे लक्षातच आलं नव्हतं.


बेसाल्ट – सोमवार, रात्री ९:५५

ती आतली भेग माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. एवढ्या लांब भेगेचा तुकडा कुनलुनपासून खोतानपर्यंत अखंड येणं कठीण.


शांघायकर – सोमवार, रात्री १०:१०

फोटोवरून शिक्का मारत नाही, पण माझी पैज पिंपावर. माल चिंगहायचा असावा, पाणीदार दिसतोय. सालीवर एक प्रयोग करा. कापसाच्या बोळ्यावर नेलपेंट काढायचं अ‍ॅसिटोन घ्या आणि मिनिटभर चोळा. बोळा रंगला तर रंग चढवलेला आहे. नाही रंगला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, लोहाचे क्षार वापरून भाजलेला रंग अ‍ॅसिटोनला दाद देत नाही.


भिंगवाली – सोमवार, रात्री १०:२२

दुसरा बोळा पांढऱ्या बाजूवरही चोळा, तुलनेला. आणि रंग नसलेलं अ‍ॅसिटोन घ्या, गुलाबी नको.


चहाबाज – मंगळवार, सकाळी ८:०५

दोन्ही बोळ्यांचा फोटो डकवलाय. पांढऱ्या बाजूचा स्वच्छ. सालीच्या बाजूचा पाहा, फिकट चहाचा रंग.


कसोटी – मंगळवार, सकाळी ८:३०

तुमचं सदस्यनाम पाहता आधी विचारतो, हात धुतले होते ना?


चहाबाज – मंगळवार, सकाळी ८:४१

साबणाने, काका. पुन्हा केलं, पुन्हा तोच रंग. ठीक आहे, खरा जेड, खोटी नदी. मेहुणा अर्धा हरला, मी अर्धा.

फक्त एक घोळ झालाय. सोमवारी बेसाल्टसरांचा चिवटपणाचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला होता. ती काल संध्याकाळपासून याच गोट्याने चहाचं आलं ठेचतेय. म्हणते, हातात छान बसतो आणि टवका उडत नाही.


भिंगवाली – मंगळवार, सकाळी ८:४४

ताबडतोब थांबवा! सालीत कुठला रंग घातलाय कोण जाणे, तो पोटात जाईल.


चहाबाज – मंगळवार, सकाळी ८:५२

सांगितलं. सालीची बाजू वर धरून ठेचते म्हणाली.